कौतुक करणाऱ्या 'ताई'ला पैसे कोण देतो?

दुधाचे बिल निघाले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या गावात पार्सलवाल्या पोराची फेरी ठरलेली. पाठीवर पोत्याएवढी काळी पिशवी, हातात मोबाइल. चावडीपुढे मोटारसायकल उभी करायची आणि एकेकाला फोन लावायचा. पूर्वी याच चावडीपुढे पोस्टमन नावे पुकारीत असे. तेव्हा मुंबईच्या गिरणीतून गावात मनिऑर्डर यायची, आता गावातला पैसा बाहेर जातो, एवढाच काय तो फरक. पुड्या घ्यायला येतात त्या बहुतेक लेकी-सुना. आत काय आहे असे विचारले तर क्रीम, सिरम, लिपस्टिक, फेसवॉश अशी उत्तरे मिळतात. काहीजणी नुसत्याच हसतात आणि पुडी पदराआड धरून निघून जातात.

हे पान शेतीचे, पाणीपुरवठ्याचे आणि सोसायटीच्या कर्जाचे. इथे लिपस्टिक-पावडरीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. मलाही महिन्यापूर्वी तसेच वाटले असते. पण एक डबी आमच्याच घरात निघाली.

पुतणी कॉलेजला जाते. तिच्या आरशापुढे एक पांढरी डबी दिसली म्हणून सहज उचलून पाहिली. झाकणावर एका गोऱ्यापान बाईचे चित्र, खाली सोनेरी अक्षरे. उलटून पाहिले तर बनविणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. शेतकऱ्याला सवय असते हो, तणनाशकाची बाटली हातात आली तरी आधी ती उलटी करून बघायची.

"हे कुठनं आणलंस?"

"मोबाइलवरनं मागवलंय, काका. साडेतीनशेला. साडेचार स्टार आहेत त्याला."

"स्टार कुणी दिले?"

"ज्यांनी घेतलंय त्यांनी. हजारो जणांनी दिलेत. आणि ताईनं पण सांगितलंय, पंधरा दिवसांत फरक पडतो म्हणून."

"कुठली ताई?"

पोरीने मोबाइल पुढे केला. स्वच्छ उजेडात बसलेली एक तरुण बाई डबी गालाशी धरून बोलत होती. बोलणे इतके आपुलकीचे, की सख्खी बहीणच समोर बसली आहे असे वाटावे. ती कुठली, काय करते, पुतणीला ठाऊक नव्हते. पण तिचे ऐकून घरातले साडेतीनशे रुपये गेले होते आणि ती डबी बारा दिवस तोंडाला लागत होती. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "भावजी, पोरीच्या जातीचं असतंय ते, तुम्ही कशाला ध्यान देताय?" त्या दिवशी मी गप्प बसलो. मग जे वाचले, विचारले, समजून घेतले ते पुढे देत आहे.

कासारीण परत यायची

बाईमाणसाने नटण्याला गावाने कधी नाव ठेवले नाही. बेंदूर, नागपंचमी, दिवाळी, गावची जत्रा, अशा सणासुदीला कासारीण यायची. बांगड्यांच्या माळेबरोबर तिच्या पेटीत टिकल्या, काजळाची डबी, गंगावन, स्नो-पावडर असायची. मुंबईच्या पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेला 'अफगाण स्नो' जुन्या बायकांना अजून नावानिशी आठवतो. कासारीण मालाचे कौतुक करायचीच, ते तिचे पोट होते. पण ती पुढच्या सणाला त्याच गल्लीत परत येणार असायची. काजळाने डोळे आले, कुंकवाने कपाळावर चट्टा उठला, तर तिला उंबऱ्यात उभी करून जाब विचारता यायचा. म्हणून ती सुद्धा जपून बोलायची. "तुझ्या कातड्याला हे सोसायचं न्हाई बाई, ते घे," असे सांगून महाग वस्तू परत पेटीत ठेवणारी कासारीण मी लहानपणी पाहिली आहे.

मग रेडिओ आला, टीव्ही आला. गोरे करण्याचे क्रीम १९७५ पासून देशात विकले जात आहे आणि त्याची जाहिरात आपण सर्वांनी पाठ होईस्तोवर पाहिली. (त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'गोरे' हा अर्थ असलेला शब्द कंपनीने २०२० साली काढून टाकला, डबी मात्र चालूच आहे.) तरी जाहिरात ही जाहिरात आहे हे अडाणी माणसालाही कळत होते. मालिका थांबली, गाणे वाजले, की बाया उठून भाकरी उलटायला जायच्या. मोबाइलमध्ये तसे कळायला मार्ग नाही. सल्ला कुठे संपतो आणि विक्री कुठे सुरू होते याची मेर तिथे नांगरून टाकलेली आहे.

ताईचा व्यवहार

हा व्यवहार कसा चालतो ते पुतणीच्याच एका मैत्रिणीने मला समजावून सांगितले. पोरगी हुशार आहे, पार्लर चालवते.

व्हिडिओ करणाऱ्या बाईला किंवा बाप्याला बघणारे वाढले, की कंपन्या माल फुकट पाठवू लागतात. पुढे व्हिडिओमागे पैसे ठरतात. आणखी एक रीत आहे. व्हिडिओच्या खाली विकत घेण्याचा दुवा दिलेला असतो किंवा सवलतीचा एक सांकेतिक शब्द सांगितलेला असतो. तो वापरून कुणी माल घेतला, की विक्रीतला हिस्सा ताईच्या खात्यावर जमा होतो. म्हणजे अडत्याची अडत म्हणा की. अडत खाणे हा गुन्हा नव्हे. पण बाजार समितीत अडत्या कोण, हमाल कोण आणि खरेदीदार कोण हे सर्वांना माहीत असते. इथे अडत्याच मोठी बहीण होऊन बोलतो.

त्यात पुन्हा चेहरा. मोबाइलमध्ये अशी सोय आहे, की डाग, पुळ्या, सुरकुत्या आपोआप पुसल्या जातात आणि रंग उजळ दिसतो. समोर मोठा गोल दिवा असतो तो वेगळाच. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी ठेवले जातात, त्यात काही वेळा क्रीमपेक्षा दिव्याचाच फरक जास्त असतो. आणि एकदा असा एक व्हिडिओ पाहिला, की मोबाइल त्याच धर्तीचे दहा पुढे आणून ठेवतो. मग पोरीला वाटते, सारे जगच हे क्रीम लावते आहे, मीच मागे राहिले.

स्टारांचे गणितही बघण्यासारखे आहे. खरे गिऱ्हाईक स्टार देतेच, पण काही विक्रेते पुडीत चिठ्ठी घालतात: पाच स्टार द्या, फोटो पाठवा, पन्नास-शंभर रुपये परत मिळवा. कुठे कुठे तर विकणाऱ्याचीच माणसे गिऱ्हाईक होऊन कौतुक लिहितात. हे ओळखायचे कसे? पार्लरवालीने सांगितलेली युक्ती अशी. पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही बाजूला ठेवायचे आणि मधले, दोन-तीन स्टारवाले आधी वाचायचे. भाडोत्री माणूस तीन स्टार देत नाही. दोन-चार दिवसांतच ढिगाने कौतुक आले असेल, शब्द तेच ते असतील, 'सुपर', 'बेस्ट' याच्यापुढे काही नसेल, तर संशय धरावा. त्वचा कशी होती, किती दिवस लावले, काय झाले, असे कुणी सविस्तर लिहिले असेल तर त्याला किंमत द्यावी.

सगळ्याच व्हिडिओवाल्या लबाड आहेत असे मात्र म्हणू नये. काही जणी स्वतःच्या पैशाने वस्तू घेतात, आवडली नाही तर तोंडावर सांगतात, डबीवरचे घटक वाचून दाखवतात. आपल्याकडच्या सावळ्या रंगाला कुठली लिपस्टिक शोभते, हे पूर्वी दुकानदार सांगायचा नाही. त्याच्याकडच्या छटा साऱ्या गोऱ्या बाईसाठीच केलेल्या. हे गावातल्या पोरींना कळले ते या व्हिडिओंमुळेच. आणि नवरी नटवण्याचा धंदा शिकून चार पैसे मिळवणाऱ्या मुली आज खेडोपाडी आहेत. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ब्यूटी पार्लरचे प्रशिक्षण मोफत मिळते. मला हे सगळे समजावून सांगणारी पोरगीही याच धंद्यातली.

आपणही त्याच माळेतले

हसण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी स्वतःकडे पाहावे. मी माझ्यापासून सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एकाचा ऊस पाहिला. माणूस उसात शिरला की दिसेनासा व्हायचा, कांडे मनगटाएवढे. तो म्हणाला, अमुक टॉनिकची फवारणी केली. मी बाटल्या मागवल्या. बिल नाही, पावती नाही. ऊस आला तेवढाच आला, जेवढा शेजाऱ्याच्या बिनटॉनिकच्या रानात आला. नंतर कळले, की त्या व्हिडिओतला ऊस चार ठिकाणी चार वेगवेगळ्या टॉनिकांसाठी दाखवला गेला होता. अशा जैव-उत्तेजकांना सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणले, ते उगीच नव्हे. तेव्हा मी पन्नाशीतला माणूस फसलो, तर अठरा वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने बोलू?

आणि गोरेपणाची मागणी मुळात कोण करतो? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला होता. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही आज घरोघरची व्यथा आहे. तरी स्थळ बघायला गेलेली माणसे परत येताना गाडीत काय बोलतात ते आठवून बघा. "मुलगी चांगली आहे, पण रंगानं जरा..." हे वाक्य बाप, चुलता, मामा, आत्या, सगळे बोलतात. भिंतीला कान असतात. आत चहाचे कप विसळणाऱ्या पोरीपर्यंत ते पोचते आणि मग ती मोबाइल उघडते. मुलगेही मागे नाहीत बरे का. तालमीतून येऊन तोंडाला क्रीम चोपडणारे पठ्ठे मला माहीत आहेत.

अकोल्याच्या एका घरात

इथवर गोष्ट पैशाची होती. साडेतीनशे रुपये गेले तर गेले, रेडकाला पेंड कमी घातली असे समजू. पण अकोल्यात जे घडले ते वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

अकोल्यातल्या एका घरात २०२२ मध्ये आई आणि दोन मुली, तिघी एकच क्रीम वापरू लागल्या. धाकटी कॉलेजात शिकणारी, वय विशीचे. क्रीम स्थानिक ब्यूटीशियनकडून आणलेले. रंग उजळला, ओळखीच्यांनी कौतुकही केले असेल. काही महिन्यांत तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. एका घरात तिघींना एकाच वेळी किडनीचे दुखणे का व्हावे, हे कोडे सुटेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी घरात काय काय वापरता याची चौकशी करीत क्रीमपर्यंत माग काढला. क्रीम तपासले तेव्हा त्यात पारा सापडला, आणि तोही फार मोठ्या प्रमाणात. हे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून आले होते.

एवढे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हटले असते. पण केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही हेच दिसले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आले. त्यापैकी १५ जणांत एक वेगळी, एरवी क्वचित आढळणारी खूण सापडली. त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीमे लावत होते. हा अभ्यास मूत्रपिंडरोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला आहे. त्यात समाधानाची एक गोष्टही आहे: क्रीम बंद केल्यावर बहुतेक रुग्ण सुधारले.

पारा तिथे करतो काय? कातडीचा रंग ज्या द्रव्याने येतो ते तयार होण्याची क्रिया पारा अडवतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो. ताई खोटे बोलत नसते, फरक पडतोच! पण तोच पारा कातडीतून अंगात मुरतो आणि मूत्रपिंडात साठत जातो. मूत्रपिंड म्हणजे आपल्या ठिबकचा फिल्टर समजा. जाळी फाटली, की जे अडायचे ते अडत नाही. रक्तातली प्रथिने लघवीवाटे निघून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, पाय सुजतात. आईच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या तान्ह्या पोरालाही त्या क्रीमचा संसर्ग होतो. क्रीम बंद केले, की रंग पुन्हा पहिल्यासारखा होतो, मग पुन्हा लावावेसे वाटते. तंबाखूसारखेच ते.

पाऱ्याखेरीज दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. खाजेवर, इसबावर डॉक्टर जे मलम थोडे दिवस देतात, तेच काही ठिकाणी गोरे होण्यासाठी महिनोन् महिने लावले जाते. कातडी पातळ पडते, लाल होते, पुळ्या येतात, बाईमाणसाच्या तोंडावर लव वाढते, आणि बंद केले की आग आग होते. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये अधिक कडक केला. गावच्या औषध दुकानात तो किती पाळला जातो, हे वाचकांनी स्वतः बघावे.

कायदा आहे, वापरणारा हवा

सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे अंगाला लावायच्या प्रसाधनात पारा मिसळता येत नाही. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एक भाग, याच्यावर चालत नाही. डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंना तेवढी वेगळी, बरीच जास्त मर्यादा आहे. जपानात मिनामाता नावाच्या गावी कारखान्याचे पारायुक्त पाणी समुद्रात गेले, ते मासे खाऊन हजारो माणसे कायमची अधू झाली. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध जगातील देशांचा एक करार झाला आहे, भारतही त्यात आहे. २०२३ च्या बैठकीत ठरले, की पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायची. पण ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नावच नाही, तिला करार काय आणि नियम काय.

कौतुक करणाऱ्यांसाठीही कायदा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरण नेमले आहे. फसवी जाहिरात करणाऱ्या कंपनीला, तसेच तिची शिफारस करणाऱ्यालाही, पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. शिफारस करणाऱ्यावर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी घालता येते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने व्हिडिओवाल्यांसाठी सूचना काढल्या: पैसे, फुकट माल, सहल, काहीही मिळाले असेल तर ते ठळकपणे, लोकांना कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. विकणाऱ्याने गिऱ्हाईक असल्याचे सोंग करून कौतुक लिहू नये, हे २०२० च्या ई-व्यापार नियमांत आहेच. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकही काढले. मात्र काढले तेव्हा ते ऐच्छिक होते, आणि ऐच्छिक गोष्टीचे आपल्याकडे काय होते ते ग्रामपंचायतीच्या घरफाळ्यावरून वाचकांना ठाऊक आहे.

एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडत बसणार, असे वाटते. दिल्लीतल्या एका गिऱ्हाइकाने पुरुषांना गोरे करण्याचा दावा करणाऱ्या क्रीमविरुद्ध २०१३ मध्ये तक्रार केली होती. क्रीमची किंमत होती ७९ रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा ग्राहक मंचाने कंपनीला साडेचौदा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. वेळ लागला, हे खरे. पण जमिनीच्या दाव्याला लागतो तितका नाही. आता तर आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की कोलकात्याची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर नुसता फोन केला तरी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी तक्रार नोंदवून घेते.

बियाण्याच्या पिशवीसारखी डबी

खरिपाच्या तोंडावर कृषी विभाग दरवर्षी एकच गोष्ट सांगतो. बियाण्याची पावती, टॅग, पिशवी आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर पंचनाम्याला तेच उपयोगी पडते. डबीलाही हेच लागू. विकत घेण्याआधी बघायचे ते असे: बनविणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचे ती तारीख, आत काय काय आहे त्याची यादी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातले काही नसेल तर जत्रेतल्या पालावर असो, पार्लरमध्ये असो, की मोबाइलवर साडेचार स्टारांचे असो, हात लावू नये. घटकांच्या यादीत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस' किंवा 'कॅलोमेल' असा शब्द दिसला तर तो पाराच. अर्थात जो लबाड असतो तो हे छापत नाही. म्हणून पंधरा दिवसांत गोरे, अशा बोलीचीच भीती धरावी.

नवे क्रीम घरात आले तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस बघावे. तणनाशक नवीन असेल तर आपण एका सरीवर मारून बघतोच ना. एवढे मात्र लक्षात ठेवायचे, की याने खाज-पुरळ कळते, पारा कळत नाही.

गावकारभाऱ्यांनाही यात काम आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती सह्या घेण्यापुरती होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांनी, एका महिला सभेत आशाताईंना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून एवढा एकच विषय घ्यावा. बायांना सांगावे, घरातल्या डब्या घेऊन या. गरोदर बायांची लघवी ज्या पट्टीने तपासतात, त्याच पट्टीने प्रथिने जातात का ते दोन मिनिटांत कळते. बिननावाची डबी सापडली तर ती फेकून न देता जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात औषध निरीक्षकाकडे द्यावी. पंचायतीच्या पत्रासोबत गेली तर अधिक बरे. बचत गटांच्या बैठकीतही हे करता येईल. पोरींना गोळा करून धाक घालायला जाऊ नये, त्या डब्या लपवतील आणि मग काहीच कळणार नाही.

आमच्या घरचे सांगायचे राहिले. पुतणीने क्रीम बंद केले, पण माझ्या सांगण्यावरून नव्हे. अकोल्याची बातमी तिनेच मोबाइलवर शोधून वाचली. आरोग्य केंद्रात लघवी तपासली, काही निघाले नाही. बारा दिवसच लावले होते. बिल मोबाइलात होते, ते काढायला पाऊण तास गेला. त्यावर विकणाऱ्याचे नाव होते, बनविणाऱ्याचे नव्हते. १९१५ वर फोन करून तिने तक्रार नोंदवली आणि त्या क्रीमला एक स्टार देऊन खाली मराठीत लिहिले, 'डबीवर पत्ता नाही, कुणी लावू नका.'

चौथ्या दिवशी विकणाऱ्याकडून निरोप आला: स्टार पाच करा, पैसे पूर्ण परत आणि वर एक लिपस्टिक फुकट. पोरीने तो निरोपही जपून ठेवला आहे, बिलाच्या शेजारी. स्टार अजून एकच आहे. परवा पार्सलवाला पोरगा पुन्हा येऊन गेला. तिच्या नावाचे काही नव्हते. वहिनींच्या नावाचे मात्र होते.